चांदीचं अस्वल, सोन्याचा डफ

१

अस्वल खोटं निघालं तेव्हा दालनात तिघंच होते, आणि तिघांनीही आधी एकमेकांकडे बघितलं, अस्वलाकडे नंतर.

लिलाव तोंडावर आला होता. लिलावघराचा पारखी काचेच्या कपाटात एकेक मूर्ती मांडत होता. सगळा जुना रशियन माल. चांदीचा गाडीवान, सोन्याचा मुलामा दिलेली हंसी, टोपलीतून मासे विकणारी बाई, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ते अस्वल. तळहाताएवढं, मागच्या पायांवर उभं, पंजात सोन्याचा डफ. जाहिरातीवर त्याचंच चित्र होतं आणि लांबलांबचे शौकीन त्याच्यासाठीच येणार होते.

पारख्याने ते उचललं, सवयीने उलटं केलं, डोळ्याला भिंग लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. तळाशी चौऱ्याऐंशीचा आकडा होता. त्या काळचे रशियन तपासनीस चांदीचा कस पाहून पोलादी ठशाने हा आकडा हातोडीने ठोकत असत. ठोकलेल्या आकड्याच्या कडा बोटाला लागतात. हा आकडा वापरून झिजलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखा होता.

"हे ओतलेलं आहे," पारखी म्हणाला. "खऱ्यावरून साचा घेऊन ओतलंय. मी अण्णांच्या घरी तपासलं ते हे नव्हे."

लिलावघराच्या मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. "कोठीची किल्ली कोणाकडे असते?"

विचारायची गरजच नव्हती. किल्ली एकच होती आणि ती ज्याच्याकडे असायची तो कोठीवाला दालनातला तिसरा माणूस होता. त्याने कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

२

विमा कंपनीने ज्यांना पाठवलं त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. हे तोंडावरचं नाव. पाठीमागची नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, हातात भलीमोठी पर्स. संशय हा त्यांचा धंदाही होता आणि स्वभावही. दूधवाल्याने 'आज दूध छान आहे' म्हटलं तर कालच्या दुधात काय होतं, असं त्या विचारायच्या.

"पहिल्यापासून सांगा," त्यांनी पारख्याला बसवलं. "आणि हुशारी दाखवू नका. मला हुशार लोकांचा फार त्रास होतो."

पारख्याने घाम पुसला. सगळ्या मूर्ती अण्णांच्या. अण्णा म्हणजे जुने दंतवैद्य, आयुष्यभर लिलावांतून एकेक मूर्ती जमवलेला माणूस. आता घर विकून ते मुलगी-जावयाकडे राहायला जाणार होते, म्हणून संग्रहही विकायला काढला होता. पारख्याने त्यांच्या घरी, त्यांच्या समोर, प्रत्येक मूर्ती तपासली. पुढच्या आठवड्यात अण्णांनी स्वतः मूर्ती डब्यांत घालून पेटी सीलबंद केली. कोठीवाला ती घेऊन आला. सील मालकीणबाईंच्या समोर फोडलं.

"तेव्हा पुन्हा तपासलं का तुम्ही?"

पारख्याने मान खाली घातली. "एकदा पाहिलेलं पुन्हा कोण पाहतं हो?"

"मी पाहते," बाई म्हणाल्या. "बरं, हे खोटं आणि ते खरं, फरक काय?"

"ठसा बोथट. उंची किंचित कमी. ओतलेली चांदी थंड होताना आकसते, त्यामुळे साच्यावरून केलेली नक्कल नेहमी थोडी लहान भरते. आणि..." तो अडखळला.

"बोला. 'आणि'नंतरचंच मला हवं असतं."

"डफ, बाई. मला वाटलं पितळ असेल. घासून पाहिलं. सोनं खरं आहे. जुन्या डफाच्या जातीचं नाही, जरा कठीण आहे, पण खरं."

चौकशीबाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. चोरांशी त्यांचा जन्म गेला होता. चोर खोट्यात खोटं घालतो, खऱ्यात खोटं घालतो. खोट्यात खरं सोनं घालणारा चोर त्यांनी अजून पाहिला नव्हता.

३

कोठीवाला मागच्या खोलीत पॅकिंगच्या खोक्यावर बसला होता. किल्ली गेल्यापासून त्याला काम नव्हतं, पण घरी जायचंही त्याला जिवावर आलं होतं.

"तुम्हीच घेतलंत असं सगळे म्हणतात," बाईंनी सरळ सांगितलं.

"म्हणतात."

"घेतलंत?"

"नाही."

"माझ्यासमोर सगळे 'नाही'च म्हणतात. मालकीणबाई सोमवारी पोलिसांकडे जाणार आहेत. तोवर तुमच्या बाजूने काही असेल तर सांगा."

"इतकी वर्षं या कोठीतून टाचणी गेली नाही. पण ते कोण धरतं? माणूस सापडेपर्यंत चांगला असतो, असंच म्हणणार लोक. काल घरी बायकोने विचारलं, 'घेतलं असेल तर देऊन टाका, मी कुणाला बोलणार नाही.' तिने विचारलं, बाई. लोकांचं सोडा."

बाईंना गलबलून आलं. पण गलबललेल्या मनाने चौकशी होत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि रडव्या चेहऱ्याचे चोरही त्यांनी ढिगाने पाहिले होते. त्यांनी आवाज कोरडा ठेवला.

"पेटी उघडल्यावर काय केलंत ते सांगा."

"नेहमीचं. मूर्ती माझ्या कोठीत, रिकामे डबे वर माळ्यावर. प्रत्येक मूर्तीचा स्वतःचा लाकडी डबा असतो, आत मखमल, मखमलीत त्या मूर्तीच्या आकाराचा खळगा. पण प्रदर्शनात डबे मांडत नाहीत. ते विक्रीनंतर थेट गिऱ्हाइकाला."

"माळ्याची किल्ली तुमच्याकडेच?"

"नाही हो. मालकीणबाईंकडे. मागे एकदा डब्यांची अदलाबदल होऊन मोठा घोळ झाला होता, तेव्हापासून त्या स्वतःच ठेवतात. सील फोडल्याबरोबर त्यांनी डबे उचलून नेले. मी ते नीट पाहिलेसुद्धा नाहीत."

बाई उठल्या. दारात थांबल्या. "तुमच्या बाजूने बोलणारं कुणीच नाही?"

"अण्णा आहेत की. देवमाणूस. त्यांचं एवढं नुकसान झालं, पण रोज फोन करतात. म्हणतात, 'माझा तुझ्यावर संशय नाही, तू घाबरू नकोस.'"

"रोज?" बाईंनी विचारलं.

"रोज."

चौकशीबाई रस्त्याला लागल्या त्या थेट अण्णांच्या घराकडे.

४

घर अर्धं आवरून झालं होतं. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते आणि हंसी-गाडीवानांचं कपाट रिकामं उभं होतं. पुस्तकांच्या वर एका फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत होते. जावई खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. सासऱ्याचा दवाखाना आता तोच चालवायचा.

"विमा मिळेल ना?" त्याने पहिला प्रश्न हाच विचारला.

"मला नकोय विमा," आतून आवाज आला. अण्णा काठी टेकत बाहेर आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, बारीक केलेली मिशी. "गेलं ते गेलं. त्या गरिबाला उगाच छळू नका, एवढंच माझं म्हणणं."

"अण्णा, असं कसं?" जावई वैतागला. "अस्वल नसेल तर बाकीच्या मूर्तींना कुत्रं विचारणार नाही. पारखी स्वतः म्हणाला होता."

"तुम्हाला मूर्तींतलं बरंच कळतं वाटतं," बाई जावयाला म्हणाल्या.

"मला? छे! मला त्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांना वेगवेगळे डबे आहेत हेच मला सील लावायच्या दिवशी कळलं. मी एकदोन भलत्याच डब्यांत घातल्या तर अण्णा असे ओरडले की विचारू नका. मग त्यांनी एकट्याने दार लावून भरल्या."

"दवाखान्यात सोन्याच्या दातांचं ओतकाम करता?"

"आता कोण करतं? आता सगळं मशीनवर, बाहेरून करून येतं. अण्णांच्या वेळची भट्टी दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे, ती त्यांची खेळण्याची जागा. परवापरवापर्यंत तिथे काहीतरी उद्योग चालायचा त्यांचा."

एवढ्या सरळपणे सांगणारा माणूस एकतर भोळा असतो किंवा फार पोचलेला. बाईंनी दोन्ही शक्यता मनात टिपून ठेवल्या. घराच्या किल्ल्या जावयाकडेही होत्या, भट्टीही त्याच्याच दवाखान्यात होती, आणि घर लवकर विकायची घाईही त्यालाच होती.

बाई अण्णांकडे वळल्या. "अस्वल कुठल्या लिलावात घेतलंत?"

अण्णांचे डोळे एकदम चमकले. "मी नाही घेतलं. हिने घेतलं. आमचं नवीन लग्न झालं होतं. मी बसून विचार करत होतो, परवडेल का, नाही का. हिने हात वर केला. मी हात खाली ओढला, तर हिने दुसरा वर केला! सगळं दालन हसलं. घरी येईपर्यंत मी रागावलो होतो, आणि घरी आल्यावर दोघं रात्रभर त्याच्याकडे बघत बसलो." ते थांबले. "त्यानंतर जमवलं ते सगळं त्याला सोबत म्हणून."

"आणि तेच गेलं," बाई म्हणाल्या.

"हो," अण्णा म्हणाले. "काय करणार."

एवढंच. बाईंनी माणसं हरवलेली छत्री आठवून हळहळताना पाहिली होती. हा माणूस आयुष्याचं अस्वल गेल्यावर 'काय करणार' म्हणत होता.

त्या निघाल्या तसे अण्णा मागून म्हणाले, "रागावू नका, पण तुमची वरची कवळी सैल झालीय. 'स' म्हणताना हलते. बसा, पाच मिनिटांत आतून अस्तर घालून घट्ट करून देतो. असं हलणारं काही असलं ना, मला चैन पडत नाही."

बाईंनी तोंड मिटलं ते फाटकाबाहेर जाईपर्यंत उघडलं नाही.

५

माळ्यावर जायला मालकीणबाई नाखूश होत्या. "डब्यांचा काय संबंध? चोरी मूर्तीची झाली."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "चोराने जिथे काही केलं नसणार, तिथे मला बघायचंय."

अस्वलाचा डबा धुळीत होता. कुलूप नाही, साधी पितळी कडी. बाईंनी खोटं अस्वल मागवलं आणि खळग्यात ठेवलं. डबा कानाशी नेऊन हलवला, उलटा केला, जोरात झटकला. आतून आवाज म्हणून आला नाही.

"बघा, बरोबर बसतं," मालकीणबाई म्हणाल्या.

"तेच तर खटकतंय ना!" चौकशीबाईंचा चेहरा उजळला. "नक्कल लहान आहे. हा खळगा मोठ्या अस्वलाचा आहे. मग हे हलायला नको?"

त्यांनी पर्समधून नखं कापायची कात्री काढली. मालकीणबाई "अहो, जुनी मखमल!" म्हणेपर्यंत त्यांनी कडेची शिवण उसवलीही होती. मखमलीखाली काहीतरी गुलाबी होतं. पातळ, मऊ, कापून कापून बसवलेलं, टोकं अशी घोटलेली की बोटाला सांधा लागू नये. बाईंनी एक तुकडा नाकाशी नेला आणि लगेच ओळखला. कवळी करताना हेच त्यांना हिरड्यांत धरायला लावून बसवलं होतं, आणि त्याची चव अजून त्यांच्या तोंडात होती. दंतवैद्यांचं मेण.

"मालकीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "कोठीवाल्याला हा डबा कधी मिळाला होता?"

मालकीणबाईंनी पर्स चाचपली. किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती.

"उद्या सगळ्यांना बोलवा. आणि त्याआधी मला सुई-दोरा द्या. हे मेण काढून मखमल होती तशी शिवायची आहे."

६

दुसऱ्या दिवशी दालनात पाचही जण हजर होते. पारखी नखं खात होता. जावई सारखा घड्याळ बघत होता. कोठीवाला भिंतीला लागून उभा. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, फक्त अण्णांनी आल्याआल्या त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक औपचारिकता आहे," चौकशीबाई म्हणाल्या. "डबा तरी खराच आहे ना, एवढं कंपनीला मालकांकडून हवंय. जावईबापू, तुम्ही बघता?"

जावयाने अस्वल डब्यात टाकलं, झाकण लावलं, उघडलं. आत ते खडखडलं. "असेल. मला काय कळतंय?" त्याने डबा पुढे सरकवला.

अण्णांनी तो घेतला. अस्वल एका कुशीवर कललं होतं. त्यांनी ते सरळ केलं. ते पुन्हा कललं. अण्णांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी अस्वल बाजूला ठेवलं, आणि सैल दाताखाली बोट घालावं तसा अंगठा खळग्यात घालून मखमल दाबत दाबत तो शेवटपर्यंत नेला.

"खालचं अस्तर कुणी काढलं?" ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. म्हाताऱ्याला आपण काय बोललो हे कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

चौकशीबाईंनी पर्स उघडून गुलाबी मेणाचे तुकडे टेबलावर ओतले. "मी काढलं. पण ते होतं, हे तुम्हाला कसं कळलं, अण्णा? खऱ्या अस्वलाला अस्तर लागत नव्हतं."

अण्णांनी डबा हळूच टेबलावर ठेवला.

"मग मीच सांगते. अस्वल कोठीत बदललं असं सगळे धरून चालले. पण कोठीत बदललं असतं तर हे खोटं अस्वल या डब्यात कधी बसलंच नसतं. डबे माळ्यावर, किल्ली मालकीणबाईंकडे, आणि त्यांच्याकडे मूर्ती नाहीत. म्हणजे ज्याने हे मेण घातलं त्याच्याकडे नक्कल आणि डबा एकाच वेळी होते, पेटीला सील लागायच्या आधी. पारखी तुमच्या समोर आला आणि तुमच्या समोर गेला. राहिले तुम्ही आणि जावई. दोघांकडे मेण, दोघांकडे भट्टी. पण जावईबापूंनी आत्ता अस्वल बटाट्यासारखं डब्यात टाकलं. तुमच्या खेरीज कुणाला हे हललेलं सोसवलं नसतं. आणि डफाला खरं सोनं कुणी घातलं असतं?"

"खोटं करायचं," अण्णा एकदम म्हणाले, "तरी किती खोटं करायचं? तिच्या अस्वलाच्या हातात पितळ द्यायचं?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. खरं अस्वल टेबलावर उभं राहिलं. दोन्ही शेजारी आल्यावर पोरालाही कळलं असतं. पारखी नकळत पुढे वाकला, मग लाजून मागे सरकला.

"सगळं विका म्हटलं मी," अण्णा म्हणाले. "फक्त हे ठेवू द्या म्हटलं. तर म्हणे, हे नसेल तर बाकीच्यांना कुत्रं विचारणार नाही. मला वाटलं, पारखी एकदा बघून गेलाय, पुन्हा कोण बघतंय? घेणाऱ्याच्या कपाटात ते सुखाने राहील आणि माझ्या उशाशी हे."

"आणि पकडलं गेल्यावर?" बाईंनी विचारलं. आवाजात आता कोरडेपणा आणावा लागत नव्हता. त्यांना खरोखर राग आला होता. "तेव्हा का नाही बोललात?"

"उद्या बोलू, उद्या बोलू म्हणत राहिलो. बोललो असतो तर हे द्यावं लागलं असतं."

"म्हणून मला दिलंत," कोठीवाला म्हणाला.

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तो भिंतीपासून पुढे आला होता.

"रोज फोन करत होतात तुम्ही. 'घाबरू नकोस' म्हणत होतात. मी घरी सांगायचो, बघ, ज्याचं गेलं त्याचासुद्धा माझ्यावर विश्वास आहे. अण्णा, तुमच्या आवाजाने मला झोप लागायची."

"मला लागत नव्हती म्हणून करायचो रे," अण्णा म्हणाले. "तू माग ते देतो. हे अस्वलसुद्धा घे."

"मला अस्वल काय करायचंय?"

मालकीणबाईंनी घाईघाईने किल्ली पुढे केली. "झालं गेलं विसरा. ही घ्या." पण त्याने किल्ली घेतली नाही.

"तुम्ही माझ्या घरी चला," तो अण्णांना म्हणाला. "आत्ता. तिला तुमच्या तोंडाने सांगा."

जावई म्हणाला, गाडी काढतो. कोठीवाला म्हणाला, गाडी नको, घर जवळ आहे, शेजाऱ्यांनाही दिसू दे. अण्णांनी काठी घेतली. अस्वलाकडे त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहवलं नाही. चौकशीबाई मागोमाग निघाल्या. म्हातारा कोपऱ्यावरून पळून जाईल अशी भीती नव्हती, पण बाईंचा स्वभाव.

दार कोठीवाल्याच्या बायकोने उघडलं. अण्णांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. कसं केलं, का केलं, कोणाच्या गळ्यात पडू दिलं. काही गाळलं नाही. शेजारची दोन दारं किलकिली झाली तेव्हा आवाज चढवला. बोलून झाल्यावर त्यांनी हात जोडले.

ती अण्णांकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारायला नको होतं."

कोठीवाल्याने चपला काढल्या, नीट भिंतीला लावून ठेवल्या आणि तिच्या शेजारून आत गेला. आतून भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा. ती दारातच उभी राहिली. आत जावं की नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिने ज्यांच्याकडे पाहिलं त्या चौकशीबाईंना, जन्मभर लोकांना संशयाने विचारत आलेल्या बाईंना, काय सांगावं ते सुचलं नाही.